सिरॅमिक कोटिंगने खडी अडत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात पावसाळ्यानंतर गाडीची निगा कशी घ्यायची यावर लेख आला होता. लेख बरा होता, पण सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ पारदर्शक लेप) करून घेतलं की खडी-दगडापासूनही रंग वाचतो असा जो सूर त्यात लागलाय तो वाचून राहवलं नाही. आमच्याकडे चिपळूण-संगमेश्वर भागात निम्म्या लोकांनी हेच ऐकून पैसे घातलेत. आमच्या भावोजींनी नवी एसयूव्ही घेतली तेव्हा शोरूममध्येच वीस-पंचवीस हजारांचं कोटिंग गळ्यात मारलं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर बोनेटची पुढची कड बघितली तर देवीचे व्रण असावेत तशी. परत विचारायला गेले तर म्हणे, साहेब दगड वॉरंटीत येत नाही. अहो मग विकताना काय सांगितलंत?

साधं गणित आहे. कंपनीतून येणारा रंग म्हणजे खाली पत्र्याला गंजापासून जपणारा ई-कोट (त्यासाठी अख्खी बॉडी टाकीत बुडवतात), त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, आणि हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदापेक्षा फार काही जास्त नाही. त्यावर सिरॅमिकचा थर चढतो तो मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. तो काय दगड अडवणार? त्याने पाणी घरंगळतं, चिखल पटकन सुटतो, चकाकी टिकते, पक्ष्याची विष्ठा लगेच डाग पाडत नाही. हे सगळं खरं आहे, त्यासाठी करायचं तर जरूर करा.

दगडाचा मार खरोखर झेलते ती पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे रंगापेक्षाही जाड, आणि बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतात, पण दगडाने फाटली तर फाटलीच, ती काही जुळून येत नाही. अख्ख्या गाडीला लावायची तर लाखाच्या आसपास किंवा त्याच्याही वर खर्च जातो, मला विचाराल तर त्याची काही गरज नाही. मार कुठे बसतो ते बघा ना. बोनेटची पुढची कड, बंपर, आरशांच्या पाठी, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकाच्या कमानीची पुढची धार. तेवढ्यालाच फिल्म मारा. छताला आणि डिकीला कुठला दगड येतोय? एसयूव्हीचं नाक उभं असतं त्यामुळे दगड निसटून वर न जाता सरळ समोर आदळतो, म्हणून तिथे हात आखडू नका. आणि रंगीत फिल्म लावून गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसी बुकात नोंद करावी लागते, हे दुकानदार सांगत नाहीत.

आता त्या दाराखालच्या पट्टीचं आणि मागच्या कमानीचं. तिथला मार समोरच्या डंपरचा नसतो, आपल्याच पुढच्या चाकांचा असतो. आजकाल कितीतरी गाड्या चाकामागच्या रबरी मडफ्लॅपशिवायच येतात, ॲक्सेसरी म्हणून वेगळे घ्या म्हणतात आणि लोक दिसायला बरं वाटत नाही म्हणून लावत नाहीत, त्यात भर म्हणून बाहेरून रुंद अलॉय आणि रुंद टायर चढवतात जे कमानीच्या बाहेर बोटभर डोकावतात, मग काय, टायर खडी उचलतो आणि थेट दारावर फेकतो. हजार-दोन हजारांचे मडफ्लॅप यात जेवढं काम करतात तेवढं कुठलंच कोटिंग करत नाही. काहीजण रंग वाचवायला पुढे लोखंडी बुल बार (बंपरसमोरचा पाइपांचा सांगाडा) ठोकतात, तो तर २०१७ पासून केंद्र सरकारने बेकायदा ठरवलाय आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येतो, तेव्हा ते धाडस नको.

वेगाचंही सांगतो. पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला दगड बरेचदा हवेत नुसता लटकलेला असतो, त्याच्यावर जाऊन आपटतो आपणच. मार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी ६० ने गेलात तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. डंपरच्या मागे चिकटून ओव्हरटेकची वाट बघत बसणं ही आपली सगळ्यांची सवय, चिरे नाहीतर खडी भरलेली गाडी पुढे असेल तर जरा मागे राहा, पाच मिनिटं उशीर झाला तर कोण मारणार आहे.

रंगाचा टवका उडालाच तर काय करायचं? आधी बघा तो कुठे उडालाय. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज नाही, दिवाळीपर्यंत थांबलात तरी चालेल. बोनेटवर किंवा दारावर पत्रा दिसतोय तर थांबू नका, आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पावसाळ्यात चार दिवसांत तांबूस ठिपका येतो आणि गंज मग रंगाखालून सरकत जातो. दाराच्या खांबावर नाहीतर इंजिनाजवळ जो स्टिकर असतो त्यावर रंगाचा कोड असतो, त्याच कोडची टचअप बाटली आणा. मेटॅलिक रंग असेल तर क्लिअर कोटची बाटली वेगळी लागते. जागा धुऊन स्पिरिटने पुसा, गंज धरला असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच ठिपका घासून प्रायमर लावा, आणि मग रंग बाटलीतल्या ब्रशने न लावता टूथपिकच्या टोकाने, खड्डा भरेल एवढाच, पातळ थर देऊन सुकवत सुकवत. एकदम थापलात तर फोड आल्यासारखं दिसतं. चार टवक्यांसाठी अख्खं बोनेट रंगवून घेण्याच्या फंदात पडू नका. कंपनीत रंग दीडशे अंशाच्या आसपास भाजलेला असतो, बाहेरच्या गॅरेजच्या बूथमध्ये साठ अंशाच्या आसपास, कारण तोवर गाडीला प्लास्टिक-रबर सगळं लागलेलं असतं, म्हणजे कंपनीच्या रंगाची सर त्याला येत नाही. शिवाय विकताना गिऱ्हाईक जाडी मोजायचं यंत्र लावतं आणि बोनेट रंगवलेलं दिसलं की अपघात झालाय असंच धरून चालतं. विम्यावर टाकलंत तर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो तो वेगळाच.

धुण्याबद्दल एकच. लाल माती बसलेल्या गाडीवर सुका फडका फिरवणं म्हणजे रंगावर वाळू घासणं, आधी पाणी मारा. वॉशिंग सेंटरला सांगा की प्रेशरची नळी टवक्याजवळ आणू नको, रंगाची कड उचकटली की पापुद्राच निघतो. आणि किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणारे जे हौशी असतात त्यांनी घरी जाऊन खालून गोड्या पाण्याने गाडी धुवावी, आधी बाहेर काढायला जेसीबी मिळाला तर.

पण हे सगळं करून माणूस करणार किती? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, आणि दरवर्षी गणपतीच्या तोंडावर भर पावसात खड्ड्यांत खडी ओतून वरवर दाबतात. दोन दिवसांत ती सुटते, वळणावर आणि कडेला पसरते, आणि नंतर दसऱ्यापर्यंत प्रत्येक टायर ती दुसऱ्याच्या बोनेटवर मारत राहतो. खड्डा चुकवता तरी येतो, ही सुटी खडी चुकवता येत नाही, दुचाकीवाले तर तिच्यावर घसरतात, त्यांच्यापुढे आमच्या रंगाचं दुःख ते काय. शिवाय चिऱ्याचे आणि खडीचे डंपर ताडपत्रीशिवाय, मागचे मडफ्लॅप तुटलेले, फळीच्या वर माल भरून बिनधास्त धावतात. जादा माल भरला तर कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहेत, तो कितीजणांनी भरला ते कळलं तर बरं होईल.

गणपतीत अवजड गाड्यांना या रस्त्यावर बंदी असते तेवढे दिवस बोनेटवरची टक् टक् बरीच कमी होते, म्हणजे उपाय कुठे आहे ते दिसतंच आहे. तुमच्या प्रतिनिधीने दोनच गोष्टी विचारून छापाव्यात, दिवाळीला मुंबईकर येण्याआधी महामार्गाच्या आरवली ते कांटे या आमच्याकडच्या पट्ट्यातली सुटी खडी कोण झाडणार, आणि ताडपत्री नसलेल्या डंपरवर गेल्या वर्षभरात किती कारवाया झाल्या.

आपला,
एक नियमित वाचक, ता. चिपळूण