इंग्रजीतला स्वल्पविराम

सदाशिव पेठ, पुणे

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

विद्यापीठाच्या अर्जासाठी तू लिहिलेल्या इंग्रजी निबंधाची प्रिंट काढून मी काल रात्री पेन्सिल घेऊन दोनदा वाचला. आजीच्या पोळपाटाचा परिच्छेद मला फार आवडला. मात्र स्वल्पविराम तू वाचताना जिथे थांबतेस तिथे दिले आहेस, आणि इंग्रजीत ते वाक्याच्या रचनेनुसार द्यावे लागतात.

मराठीत श्वासाप्रमाणे दिलेले चिन्ह बहुधा खपून जाते. ही चिन्हे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्यामुळे रूढ झाली. आपल्या पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळातले जुने मोडी कागद पाहशील, तर त्यांत ती दिसणार नाहीत. 'ती म्हणाली की,' असे लिहिण्याच्या सवयीने तू 'शी सेड दॅट' नंतरही कॉमा दिलास, पण तिथे 'दॅट'पासूनचे सगळे वाक्य 'सेड'चे कर्म असल्याने मध्ये कॉमा येत नाही.

मला सर्वांत खटकले ते दादाचे वाक्य. 'माय ब्रदर हू स्टडीज इन नागपूर' असे कॉमाशिवाय लिहिलेस, की तुला अनेक भाऊ असून त्यांतल्या नागपूरच्या भावाविषयी तू बोलते आहेस, असा अर्थ होतो. तुला भाऊ एकच, म्हणून नागपूरचा उल्लेख ही केवळ जादा माहिती ठरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कॉमा हवा. एकाच बाजूला दिलास तर कंस उघडून मिटायचा राहिल्यासारखे होईल.

यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी कॉमा द्यावा की नाही, यावर इंग्रजीतच दोन मते आहेत. मी म्हणेन, दे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांच्या यादीत 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' या शब्दांत 'ऑर'च्या आधी तो नव्हता, त्यामुळे माल पोहोचवणे हे वेगळे काम की पॅकिंगचाच भाग, हे ठरेना. 2017 मध्ये अपील न्यायालयाने दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

खुणा केलेली प्रत सोबत पाठवतो आहे. दादाच्या वाक्यापासून सुरुवात कर आणि रविवारच्या आत मला पुन्हा पाठव.

तुझा,
बाबा