आल्प्समधील शॅले : छायाचित्रांआधी भाडेकरार वाचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आल्प्समधील एखाद्या स्की-गावात शॅले, म्हणजे डोंगरातले लाकडी घर, भाड्याने घेऊन तीन-चार कुटुंबांनी एकत्र सुट्टी घालवावी, असे सुचवणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. युरोपात स्थिरावलेली मुले, पुण्या-मुंबईहून येणारे आजी-आजोबा आणि नातवंडे यांना एका छपराखाली आणणारा हा बेत आता मराठी घरांत नवा राहिलेला नाही, आणि हॉटेलच्या चार खोल्यांऐवजी एक अख्खे लाकडी घर घेतले तर माणशी खर्च पुष्कळदा कमी येतो हे लेखातील म्हणणेही मला मान्य आहे. मात्र त्या लेखात भाडेकराराबद्दल एक ओळही नाही, आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबाचे पैसे बहुधा तिथेच अडकतात. मी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहते. नातेवाइकांसाठी अशी घरे ठरवून देण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

खरी गोम तारखांच्या क्रमात आहे. नाताळ-नववर्षाचा आठवडा आणि फेब्रुवारीतील शाळांची सुट्टी यांसाठीची दहा-बारा माणसांची चांगली घरे बऱ्याचदा वर्षभर आधीच ठरून जातात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना सामाईक असलेल्या व्हिसाचा, अर्ज मात्र प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो. म्हणजे घरासाठी पैसे भरण्याची वेळ येते तेव्हा आजी-आजोबांना व्हिसा मिळणार की नाही हे कुणालाच ठाऊक नसते, आणि व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा द्यावा लागत असल्याने घर ठरवल्याशिवाय अर्जही पुढे सरकत नाही. या पेचावर एकच उतारा आहे : व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल हे पैसे भरण्यापूर्वी करारात लिहून घेणे. प्रवास रद्द झाल्यास भरपाई देणाऱ्या साध्या विम्यात व्हिसा नाकारला जाणे हे कारण धरलेले असतेच असे नाही, तेव्हा ‘विमा आहे ना’ एवढ्यावर विसंबू नये. करारावर सर्व पाहुण्यांची नावे पासपोर्टप्रमाणे घालून घेतली म्हणजे पुढची लिखापढी वाचते.

व्हिसा कोणत्या देशाचा मागायचा याचाही घोळ होतो. शामोनी किंवा मॉर्झिन ही गावे फ्रान्समध्ये आहेत, पण त्यांना सोयीचा विमानतळ स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा हा आहे. विमान जिनिव्हाला उतरते म्हणून स्विस व्हिसा मागणे चूक ठरते, कारण मुख्य मुक्काम ज्या देशात असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. जून 2024 पासून प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क 90 युरो आहे, आणि अर्ज फेटाळला गेला तरी ते परत मिळत नाही.

फ्रान्समध्ये घर घेणाऱ्यांनी आणखी एक बाब नीट समजून घ्यावी. तेथील कायद्यात आगाऊ रकमेचे दोन प्रकार आहेत. ‘आर’ म्हणून दिलेली रक्कम आपल्याकडच्या विसारासारखी असते : भाडेकरूने माघार घेतली तर ती बुडते, घरमालकाने माघार घेतली तर त्याला दुप्पट परत करावी लागते. ‘आकाँत’ म्हणून दिलेली रक्कम मात्र एकूण भाड्याचा पहिला हप्ता मानली जाते, आणि ती भरल्यावर दोन्ही बाजू कराराने बांधल्या जातात; मग बेत मोडला तरी घरमालक उरलेले भाडेही मागू शकतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला आजारपणामुळे येता आले नाही तेव्हा हाच फरक त्यांना फार महाग पडला. इंटरनेटवर घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, तशीच ही नोंदणीही रद्द करता येईल असे अनेकांना वाटते. परंतु ठरावीक तारखांच्या निवासाला युरोपीय संघाच्या ग्राहक कायद्याने ती सवलत दिलेली नाही.

जाहिरातीत दिसणारा आकडा हे केवळ भाडे असते. त्यावर माणशी, रात्रीगणिक पर्यटन कर लागतो. फ्रान्समध्ये तो अठरा वर्षांखालील मुलांना माफ आहे, स्वित्झर्लंडमध्ये वयाची अट गावागणिक बदलते. शेवटच्या दिवशीची सफाई, चादरी-टॉवेल आणि कधीकधी शेकोटीची लाकडे यांचे पैसे वेगळे असतात, आणि शिवाय अनामत रक्कम अडकून राहते. सफाईचे पैसे भरले तरी भांडी घासणे, ओटा पुसणे आणि कचरा नेऊन टाकणे ही कामे सहसा पाहुण्यांनीच करायची असतात. बऱ्याच स्विस गावांत कचऱ्यासाठी कर भरलेली पिशवीच विकत घ्यावी लागते, साध्या पिशवीत टाकलेल्या कचऱ्याबद्दल दंड होतो, आणि रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. हे नियम मला जाचक वाटत नाहीत, पण ते आधी माहीत असावेत.

भाडे इतके का, असे मला नेहमी विचारले जाते. त्याच्या मुळाशी गावांचीच एक दुखरी बाजू आहे. वर्षातले काही आठवडे सोडले तर कुलूपबंद राहणाऱ्या सुट्टीतल्या घरांना कंटाळून स्विस मतदारांनी 11 मार्च 2012 रोजी, अगदी थोड्या मताधिक्याने, कोणत्याही गावात अशा घरांचे प्रमाण एक पंचमांशाहून अधिक असू नये असा कौल दिला, आणि त्याबाबतचा कायदा 2016 पासून लागू झाला. त्यामुळे व्हर्बिएसारख्या स्विस स्की-गावांत नवी सुट्टीतली घरे बांधणे जवळजवळ थांबले आहे. मागणी वाढती आणि घरे तेवढीच, म्हणून भाडे चढते. माझ्या मते भाडेकरू हा गावाच्या दृष्टीने घर घेऊन बंद ठेवणाऱ्या धनिकापेक्षा बरा, कारण त्याच्यामुळे बेकरी आणि किराणा दुकान चालते.

सुट्टीच्या दिवसांत बहुतेक घरे शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. दुपारी चार-पाचला किल्ली, सकाळी दहाच्या आत घर रिकामे, आणि त्या एकाच दिवशी सारे पाहुणे रस्त्यावर. फ्रान्सच्या तारांतेझ खोऱ्यात, आल्बेरव्हिलहून मूतिएकडे जाताना, फेब्रुवारीतल्या शनिवारी होणारी कोंडी प्रसिद्ध आहे. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत आळीपाळीने देतात, त्यामुळे ही गर्दी चार आठवडे पुरते. ज्यांना शक्य असेल त्यांनी जानेवारीचा मधला भाग किंवा मार्चची अखेर पाहावी, भाडेही उतरलेले असते. स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की फ्रान्सच्या बहुतेक डोंगरी भागांत 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हिवाळी टायर किंवा चाकांच्या साखळ्या सक्तीच्या आहेत. स्वित्झर्लंडमधील झेरमाटला तर मोटार नेताच येत नाही; ती खालच्या टेश गावी ठेवून रेल्वेने वर जावे लागते, मग शॅले स्थानकापासून किती चढावर आहे हा प्रश्न सत्तरीच्या माणसासाठी फार महत्त्वाचा ठरतो.

घराच्या मापाबद्दल लेखात ‘आठ जणांसाठी प्रशस्त’ असे शब्द आहेत. आठ हा आकडा खोल्यांचा नसून निजण्याच्या जागांचा असतो, आणि त्यात दिवाणखान्यातला सोफाही धरलेला असतो. फ्रेंच स्की-गावांतल्या घरांत तर वाटेतल्या कोनाड्यात, खिडकीही नसलेल्या जागी, एकावर एक दोन फळ्या ठोकून केलेली जागा हीसुद्धा दोन माणसांची सोय म्हणून मोजतात. मुलांना ती फार आवडते. काका-काकूंना तिथे झोपवणे बरे नव्हे. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचे छत उतरते असल्याने भिंतीलगत उभे राहता येत नाही, जिने अरुंद आणि उभे असतात, आणि दहा माणसांत शौचकूप एकच निघाला तर सकाळचे वेळापत्रक कोलमडते. छायाचित्रे कितीही सुंदर असोत, घराचा मजलावार नकाशा मागून घ्यावा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. नेहमीच्या संकेतस्थळाबाहेर येऊन थेट बँकेत रक्कम भरायला सांगणाऱ्यांपासून तर दूरच राहावे, कारण अस्तित्वातच नसलेली शॅले भाड्याने देणारे ठग येथेही आहेत. शंका आली तर त्या गावाच्या पर्यटन कार्यालयाला पत्ता कळवून विचारावे.

शॅलेचा मोठा फायदा म्हणून स्वयंपाकघर सांगितले जाते. ज्येष्ठांना रोज वरण-भात मिळतो हे खरेच, पण आठवडाभर दहा-बारा माणसांच्या पोळ्या कोण लाटणार हे निघण्यापूर्वी ठरवावे. नाहीतर सुट्टी बाकीच्यांची होते आणि घरातल्या दोघी-तिघी बर्फाचा डोंगर ओट्यापाशी उभ्या राहून पाहतात. बहुतेक नव्या घरांत इंडक्शन शेगडी असते, त्यावर ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही. फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराची सूचना देणारा भोंगा सक्तीचा आहे आणि मिरचीच्या फोडणीने तो हमखास वाजतो. भारतातून साजूक तूप, पेढे किंवा खवा आणण्याचा मोह टाळावा, कारण युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही असे दुग्धजन्य पदार्थ सामानातून आणण्यास बंदी आहे.

बर्फाची हमी कुणीच देत नाही, आणि बर्फ पडला नाही म्हणून भाडे परत मिळत नाही. जानेवारी 2023 मध्ये स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेनची जागतिक दर्जाची स्की-शर्यत हिरव्या डोंगरावर कृत्रिम बर्फाचा पट्टा अंथरून घ्यावी लागली होती. मॉर्झिन साधारण 1000 मीटर उंचीवर आहे, तर फ्रान्समधलेच व्हाल थोरान्स 2300 मीटरवर. बर्फाची खात्री उंचीबरोबर वाढते, मात्र हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी तेवढ्या उंचीवर आठवडा काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. घरातले निम्मे लोक स्कीईंग करणारच नसतील तर स्वित्झर्लंडमधील व्हेंगेनसारखे गाव निवडणे शहाणपणाचे, कारण तेथे दातेरी रुळांच्या रेल्वेने जाता येते, रस्त्यावर मोटारींची वर्दळ नाही आणि बर्फातून चालण्याच्या स्वच्छ केलेल्या वाटा आहेत.

व्हिसासाठी 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, परंतु अनेक पॉलिसींत हिवाळी खेळ वगळलेले असतात आणि त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. उतारावरून जखमी माणसाला खाली आणण्याचा खर्च, आणि पुष्कळदा हेलिकॉप्टर बोलवावे लागल्यास त्याचाही, सहसा त्या माणसाकडूनच वसूल होतो. इटलीत 2022 पासून स्की करणाऱ्याकडे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमाही असावा लागतो.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच की, अशा घराचा दर छापताना पर्यटन कर, सफाई, चादरी आणि अनामत धरून दहा माणसांचा एकूण आकडा छापावा, आणि ‘रद्द केल्यास काय’ ही ओळ दराच्या शेजारीच द्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, लोझान, स्वित्झर्लंड