माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र: माझी आजी एकच आहे, दोन नाहीत

मा. मंत्रीसाहेब,
स. न. वि. वि.

माझे आबा गेल्या आषाढात वारले. मराठा लाईट इन्फंट्रीतले रिटायर्ड हवालदार, पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण. फौजींचं गाव म्हणून आमच्या गावाचं साताऱ्याकडच्या आपशिंगे मिलिटरीसारखं नाव नाही, पण इथेही एक घर सोडून एक घर फौजीचं आहे, त्यामुळे आबांच्या अंत्ययात्रेला अख्खा गाव होता, तिरंगा होता, सरपंचांचं भाषण झालं. ते सगळं नीट झालं. त्यानंतरचं सांगायला हे पत्र लिहितेय.

आबा लढाईचं फारसं बोलायचे नाहीत. डिसेंबर 1971, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर, एवढंच. ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांची पलटण जमालपूरच्या मागे ढाक्याच्या रस्त्यावर जाऊन बसली होती आणि 10 तारखेच्या रात्री आत अडकलेली पाकिस्तानची 31 बलूच पलटण बाहेर निसटायला म्हणून थेट यांच्याच अंगावर आली. पहाट झाल्यावर समोर काय दिसलं हे मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते उठून गोठ्यात गेले. 16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्या लढाईचं ‘पूर्वी स्टार’ पदक काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी पडलेलं असायचं, त्यावर आजीच्या पत्रांचा गठ्ठा, कारण आबांच्या लेखी जपायची वस्तू ती होती.

आजीला लिहितावाचता येत नव्हतं. तिची पत्रं शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे, 99 एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या पत्त्यावर, आणि आबांचं पत्र आलं की ओट्यावर सगळ्यांसमोर वाचूनही दाखवायचे. आता ऐका साहेब, सगळं घोडं इथेच अडलंय. लग्नात आजीचं नाव बदललं, आपल्याकडे तेव्हा बदलायचेच. पण आबा पत्राची सुरुवात तिच्या माहेरच्या नावाने करायचे. पणजीला ते अजिबात खपायचं नाही, चार माणसांत सुनेचं माहेरचं नाव घेतात म्हणून ती धुसफुसायची. बाकीचे नवरे बायकोला नुसतं "अगं ए" म्हणायच्या काळात आबा तिला नावाने हाक मारायचे, आणि नाव तिचं स्वतःचं, आईबापाने ठेवलेलं. मग पलटणीत किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे घरच्या माणसांच्या नोंदीत, बायकोचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच लिहिलं. डिस्चार्ज बुकात तेच, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकमावर तेच. आधार, रेशनकार्ड, मतदारयादी मात्र सासरच्या नावाने.

अकरा वर्षांपूर्वी आजीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आई म्हणाली आम्ही बघतो, पण आबा कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. पहाटे पाचला उठून चहा, बशीत ओतून फुंकून पाजायचा. चादरीचे कोपरे बरॅकमध्ये घालतात तसे ताठ. भाकरी दुधात कुस्करून, गुठळी राहिली तर परत कुस्करून. वेणी त्यांना जमेना, पहिल्या दिवशी एवढी आवळून घातली की आजीच्या डोळ्यात पाणी, मग मी माझ्या केसांवर त्यांना तीन पेडांची शिकवली आणि पुढे अकरा वर्षं रोज सकाळी ती त्यांनीच घातली. एक दिवस चुकला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशीसुद्धा नाही, डोळ्याला पट्टी बांधलेली आणि हाताने चाचपत वेणी चाललेली.

ते गेल्यावर आम्ही फॅमिली पेन्शनचा अर्ज केला. एका ऑफिसातल्या काउंटरवर उत्तर मिळालं की रेकॉर्डवरची बाई आणि आधारवरची बाई वेगळी आहे. अॅफिडेव्हिट दिलं. मग नाव बदलल्याचं गॅझेट आणा. लग्नाचा दाखला आणा. 1969 चं लग्न मांडवात झालं, दाखला कुठून आणायचा? मग म्हणाले त्यांना समक्ष घेऊन या. गाडीत गादी टाकून नेलं, लिफ्ट बंद, दोन मजले भावाने आणि ड्रायव्हरने खुर्ची उचलून चढवली, मी मागून आजीचा लुळा हात धरून होते कारण तो कठड्याला घासत होता. वर गेल्यावर कळलं साहेब मीटिंगला गेलेत. आजीला सगळं समजतं बरं का, बोलता येत नाही नीट एवढंच. परत येताना ती सारखं स्वतःचं माहेरचं नाव पुटपुटत होती, चूक तिचीच असल्यासारखं. मला ते बघवलं नाही.

पेन्शन दिल्लीचा विषय आहे हे मला माहितीये. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं तुमच्या खात्याची आहेत ना? अंथरुणाला खिळलेल्या वीरपत्नी आणि फौजींच्या विधवांच्या घरी तिथला एक माणूस पाठवा. आणि माहेरचं-सासरचं नाव ही भानगड एकट्या आमच्या घरातली नाही, त्या पिढीतल्या किती बायकांची असेल, त्यासाठी कागदांची एकच यादी ठरवून द्या, ती आधीच सांगा, दर खेपेला नवीन कागद नको. गावच्या दहा म्हाताऱ्यांनी अंगठे देऊन लिहून दिलंय की दोन्ही नावं हिचीच, त्याला काहीतरी किंमत असू द्या. आणि दिल्लीला एक पत्र तुमच्या सहीचं जाऊ द्या, आमच्या सहीला कोण विचारतं.

तुमचा माणूस कधीही येऊ दे, फक्त सकाळी नऊनंतर. तोपर्यंत तिची वेणी झालेली असते, आता मी घालते.

आपली,
एका हवालदाराची नात