निम्म्यांचे पैसे राहतातच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भलिंगनिदानाची बातमी आली की चर्चा होते ती सोनोग्राफी सेंटरची आणि डॉक्टरांची. ती व्हायलाच हवी. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुलीच होत्या. पण ‘मुलगा होण्याचं औषध’ देणारा मात्र यातून अलगद सुटतो. झाडपालाच देतो बिचारा, कुणाचं काय बिघडवतो, असा एकूण सूर.

आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, त्यामुळे या पुड्या जवळून पाहिल्यात. पाळी चुकल्यावर दीड-दोन महिन्यांच्या आत घ्यायची, पहाटे, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून. आता मुलगा की मुलगी हे ठरतं गर्भ राहतानाच. बापाकडून एक्स गुणसूत्र आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. म्हणजे पुडी सुटते तेव्हा निकाल कधीच लागलेला असतो! तरी ‘आमच्या जावेला गुण आला’ म्हणणाऱ्या बाया गावोगाव भेटतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. शंभर जणींना पुडी दिली तर पन्नासेक जणींना मुलगा होणारच. न देताही झाला असता. त्या गावभर सांगतात. बाकीच्यांना ‘पथ्य पाळलं नाहीस’ म्हणून गप्प बसवता येतं. काही जण तर मुलगी झाल्यास पैसे परत करतात. करेनात का, निम्म्यांचे राहतातच!

बरं, हे निरुपद्रवीही नाही. बाळाचे अवयव घडायचे ते नेमके याच दिवसांत, आणि पुडीत काय कुटलंय ते घेणारीलाही माहीत नसतं. हरियाणात अशी औषधं तपासली तेव्हा त्यांत हार्मोन्ससारखी द्रव्यं सापडली होती.

टेस्ट ट्यूब तंत्राने गर्भ तपासून निवड करता येते, हे खरं. आपल्याकडे त्यालाही बंदी आहे. पण गर्भलिंगनिदान आणि लिंगनिवड रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचं २२वं कलम तेवढ्यावर थांबत नाही. लिंगनिवडीची जाहिरात, मग उपाय शास्त्रीय असो वा नसो, हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. भिंतीवरचं ‘हमखास पुत्रप्राप्ती’ यातच येतं. भरारी पथकांनी सेंटरचे रजिस्टर तपासताना बसस्टँडच्या भिंतीही वाचाव्यात.

वाचकांनाही विनंती, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा. पुडीवर नाव-पत्ता नसतोच. माणूस कोणत्या बाजाराला, कुठे बसतो एवढं तरी लिहून द्या.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, करमाळा