कपाटाची किल्ली

महोदय,

बांधकामावर मी बावीस वर्षं हजेरी लिहिली. परमुलखातून आलेला कामगार पहिल्याच दिवशी पासपोर्ट काढून द्यायचा आणि मी तो कपाटात कुलूपबंद करायचो. ‘हरवू नये म्हणून,’ असं सांगायचो; मलाही तेच सांगितलं गेलं होतं. एकाला वडील गेल्याची खबर आली तेव्हा किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब तीन दिवस फिरकले नाहीत. तो तीन दिवस कपाटासमोर बसून होता. मी काही केलं नाही, हे आजही सलतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या स्थलांतरित कामगारविषयक कराराचं २१ वं कलम मी निवृत्तीनंतर वाचलं. कायद्याने अधिकार दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याखेरीज कुणीही ओळखपत्रं जप्त करू शकत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. करार २००३ मध्ये लागू झाला, पण कामगार बोलावणाऱ्या बहुतेक श्रीमंत देशांनी तो अजून स्वीकारलेला नाही.

कागदपत्रं अडकवणं, पगार रोखणं, कर्जात गुंतवणं ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मते सक्तीच्या मजुरीची लक्षणं आहेत. माझ्या हजेरीतली कितीतरी माणसं एजंटाचं देणं डोक्यावर घेऊनच कामाला लागायची.

करारपत्र कामगाराच्या भाषेत हवं, पगाराची पावती त्याच्या हाती हवी. आणि तक्रार केली म्हणून त्याचा राहण्याचा परवाना जाता कामा नये. माझ्या कपाटासमोर बसलेला तो माणूस गप्प राहिला, तो याच भीतीने.

— एक निवृत्त हजेरी कारकून