श्रावणातले उपवास आणि साखरेची गोळी

महोदय,

‘सोळा तास उपाशी राहा, मधुमेह पळेल’ असले संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडे घरोघरी फिरताहेत. अगदीच खोटे नाहीत ते. शिकागोत टाइप 2 मधुमेहाच्या 75 रुग्णांवर झालेला सहा महिन्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत जेवणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, नेहमीसारखे खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 0.9 टक्के-अंकांनी उतरली. मात्र रोज मोजूनमापून कमी खाणाऱ्यांचीही जवळपास तेवढीच उतरली!

आपल्या उपवासाचे काय? साबुदाण्याची खिचडी, रताळी, वर दोन केळी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत.

मला काळजी वाटते ती कडक उपवास करणाऱ्यांची. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, भोवळ. श्रावणी सोमवारी कपाशीत निंदायला गेलेल्या बाईला ते नुसते अशक्तपण वाटते. अशा वेळी उपवास मोडून साखर किंवा गूळ तोंडात टाकावा. महादेव रागावत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची एकच गोळी चालू असेल तर हा धोका बराच कमी असतो, पण आपली गोळी कोणती हे किती जणांना ठाऊक असते?

प्राथमिक आरोग्य केंद्रांनी श्रावणापूर्वीच अशा रुग्णांना बोलावून गोळ्यांचे प्रमाण आणि वेळा ठरवून द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, अमळनेर