टॅब चालू होता आणि माझ्या फोनवर ‘लॉक झाला’ दिसत होतं

दिनांक : ८ डिसेंबर २०२५
धनकवडी, पुणे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : मुलाच्या टॅबला फोनवरून लावलेलं लॉक न लागणं आणि तरीही ते लागल्याचं दाखवणं, वर्गणी परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, मी तुमच्या पालकांसाठीच्या ॲपची वर्षाची वर्गणी २,४९९ रुपये भरून घेतली. मुलगा नववीत आहे. क्लासचे व्हिडिओ, गृहपाठ, सराव परीक्षा सगळं टॅबवरच असतं, त्यामुळे टॅब काढून घेणं शक्य नाही. मी हडपसरच्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, महिन्यातून आठ-दहा नाईट असतात. मिस्टर चाकणला कामाला आहेत. फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे कंपनीची बस पकडायची म्हणून ते नऊलाच झोपतात. रात्री घरात जागे असतात ते मुलगा आणि सासूबाई. वॉर्डमधून एक बटण दाबून टॅब बंद करता येईल, एवढ्यासाठीच मी ॲप घेतलं होतं.

नाईटला रोज रात्री दहाला, आधीच्या शिफ्टकडून हँडओव्हर उरकला की, मी फोन उघडून लॉक दाबायचे. हिरवं कुलूप यायचं, खाली ‘टॅब लॉक झाला’. मी फोन खिशात टाकून कामाला लागायचे.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोरगं रात्री जागं असतं. पांघरुणातून उजेड दिसतो.” मी म्हटलं, “नाही हो आई, दहालाच लॉक केलाय, हे बघा.” आणि त्यांना फोन दाखवला. त्या गप्प बसल्या. चार दिवसांनी पुन्हा तेच म्हणाल्या, तेव्हा मी जरा तोडूनच बोलले, तुम्हाला भास होत असेल म्हणून. ७२ वर्षांच्या बाईच्या डोळ्यांपेक्षा मी तुमच्या हिरव्या कुलपावर विश्वास ठेवला. याची मला आजही लाज वाटते.

सुट्टीच्या दिवशी टॅब आणि फोन शेजारी ठेवून मी स्वतः पाहिलं. टॅबचं वायफाय बंद केलं, फोनवरून लॉक दाबलं. फोनवर लगेच हिरवं कुलूप. टॅबवर आधी उतरवून ठेवलेला व्हिडिओ मजेत चालू. वायफाय सुरू केलं, तरी लॉक यायला अकरा मिनिटं लागली. मग टॅबचं घड्याळ मागे घेतलं, तर संपलेली दिवसाची दोन तासांची मर्यादा पुन्हा पूर्ण मिळाली. टॅब सेफ मोडमध्ये सुरू केला की तुमचं ॲप चालतच नाही, हे तर मुलानेच सांगितलं. त्याच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे म्हणे. माझा भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला की सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप अँड्रॉइड चालूच करत नाही, आणि बॅटरी वाचवण्यासाठी टॅब मागे चालणारी ॲप बंद करून टाकतो. म्हणजे काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, हे मला कबूल आहे. चौदा वर्षांचा मुलगा वाट शोधणारच, त्याचाही दोष तुमच्यावर टाकत नाही.

पण टॅबशी संपर्क नसताना ‘लॉक झाला’ लिहिणं पूर्णपणे तुमच्या हातातलं आहे. आमच्या वॉर्डात डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं म्हणून आम्ही चार्टवर ‘दिलं’ अशी सही करत नाही. पेशंटला दिल्यावर, वेळ टाकून सही होते. मधे शीर सापडली नाही, औषध फार्मसीतून आलं नाही, तर तसं लिहायचं, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला खरी परिस्थिती कळते. तुमचं ॲप ऑर्डर लिहिल्याबरोबर सही करून मोकळं होतं.

२३ नोव्हेंबरला, रविवारी, याच्या नेमकं उलट घडलं, आणि मला जास्त लागलं ते हेच. संध्याकाळी त्याच्या क्लासची गणिताची ऑनलाइन चाचणी होती. ४० प्रश्न, एक तास. पंचविसाव्या प्रश्नाला दिवसाची मर्यादा संपली आणि टॅब लॉक झाला. त्याने आजीच्या फोनवरून मला फोन केला. मी ड्युटीवर होते, ड्रेसिंग ट्रॉली बाजूला ठेवून तीस मिनिटं वाढवली. फोनवर आलं, ‘वेळ दिली’. मी त्याला सांगितलं, “दिली रे, बघ.” तो म्हणाला, “नाही आली.” मी तीनदा दिली, तीनही वेळा फोनने हो म्हटलं. शेवटी मीच त्याच्यावर ओरडले, की अभ्यास झाला नसेल म्हणून बहाणे करतोयस. घरी आल्यावर पाहिलं, तर टॅबवर लॉकची पाटी तशीच होती. चाचणी अर्धी राहिली होती. तो म्हणाला, “आई, तू ॲपचं ऐकतेस, माझं नाही.”

यावर तुमच्याकडे चार वेळा लिहिलं. चारही वेळा इंग्रजीत एकच उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. दोनदा टाकलं. तिसऱ्या वेळी मी घड्याळाचा आणि वायफायचा प्रयोग व्हिडिओ करून पाठवला. तो कोणी उघडून पाहिला असेल असं उत्तरावरून वाटत नाही.

माझी मागणी अशी आहे. २,४९९ रुपये पूर्ण परत करा. जूनमध्ये आपोआप होणारं नूतनीकरण आताच बंद करा. ॲपमध्ये ते बंद करायचं बटण मला सापडलं नाही, आणि ग्राहकाला वर्गणीत असं अडकवून ठेवणं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत गैर ठरवलं आहे. मुलाने काय पाहिलं, कुठे होता, ही सहा महिन्यांची माहिती तुमच्याकडे आहे. मी दिलेली संमती या पत्राने काढून घेते. ती माहिती पुसून तसं लेखी कळवा.

आणि पैशांइतकंच महत्त्वाचं म्हणजे पडद्यावरचे शब्द बदला. ‘लॉक पाठवला, टॅबकडून उत्तर नाही’ आणि ‘टॅबने १०.०४ ला लॉक लावलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या दाखवा. टॅबशी शेवटचा संपर्क कधी झाला, ती वेळ मोठ्या अक्षरात लिहा. रात्रीचं वेळापत्रक टॅबमध्येच साठवा, म्हणजे नेट नसलं तरी लागू होईल. उत्तर नाही असं दिसलं असतं तर मी सासूबाईंना फोन करून टॅब कपाटात ठेवायला सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करीन. तुमचं ऑफिस कुठेही असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते त्या पुण्यातच ती करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. व्हिडिओ, पावती आणि तुमची चारही उत्तरं सोबत जोडली आहेत.

उत्तर मराठीत द्यावं, म्हणजे सासूबाईंनाही वाचता येईल. फोन करायचा असल्यास या आठवड्यात दुपारी चार ते सहा करा. नाईट चालू आहे, सकाळी मी झोपलेली असते.

आपली ग्राहक,
धनकवडी, पुणे